कापसाची कैफियत

अमरावतीच्या बाजारात कापसाचा भाव चढला की आमचे पंतोजी शाळेमागच्या विहिरीवर जाऊन आंघोळ करीत. वेळ कोणतीही असो. पोरं पाढे म्हणत असोत, अंगात कणकण असो, पौषातली थंडी असो. रस्त्यावरून कोणी ओरडत गेलं, "पंतोजी, आज अजून चढला!" की ते हातातलं पुस्तक पालथं ठेवायचे, पगडी खुंटीला अडकवायचे आणि पोहरा विहिरीत सोडायचे. दोन पोहरे डोक्यावर ओतून घ्यायचे आणि ओल्या धोतरानंच येऊन पुढचा पाढा सुरू करायचे.

मी त्या शाळेत दुय्यम मास्तर होतो. बाळापूर-पातूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातल्या पाटलाचा धाकटा मुलगा. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिलाच. पहिल्यांदा ही आंघोळ पाहिली तेव्हा मला वाटलं, यांचं जवळचं कोणी गेलं असावं. मी दबकत विचारलं, "कोन गेलं, पंतोजी?"

"नाव मालूम नाई," ते धोतराचा सोगा पिळत म्हणाले. "पन गेलं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. "हे पाहा पाटील, भाव असा फुकट चढत नसते. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली हाय. त्यायचा कापूस बंदरात अडकला, म्हनून विलायतेच्या गिरन्यायले आपला लागते. आज अठी भाव चढला म्हनजे महिना-दीड महिन्यामांगं तठी लढाई झाली. मानसं पडली. मेल्याची खबर आली की आंघोळ करावी लागते का नाई?"

गावातल्या एका शास्त्र्यानं त्यांना भर रस्त्यात अडवलं होतं. म्हणे, गोत्र नाही, नातं नाही, धर्म नाही, तर सुतक कसलं? पंतोजी म्हणाले, "शास्त्रीबोवा, ज्याच्या मरन्यावर आपन तूप खाऊन राहिलो, त्याचं सुतक नाई, तर मंग कोनाचं?" शास्त्र्यांनी त्या महिन्यात नुकताच घरावर नवा मजला चढवला होता. तेव्हापासून पंतोजींचं नाव 'सुतकवाले पंतोजी' पडलं, आणि ते शास्त्र्यांनीच पाडलं असं मला अजूनही वाटतं.

त्या वेळची अमरावती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून पटायचं नाही. न्हावी वस्तरा ठेवून दलाली करायला लागला होता. देवळातला गुरव आरती आटोपती घेऊन बाजार गाठायचा. मुंबईचे व्यापारी बैलबंडीत बसून यायचे आणि कापूस नीट न बघताच उचलायचे. जो तो एकमेकांना म्हणायचा, आता हे असंच चालणार. आणि या सगळ्यात एक वाळकासा माणूस, दोन्ही कानांवर दोन बोरू खोवलेला, ओल्या धोतरानं बाजारातून फिरायचा आणि बाहेरगावचा कोणी दिसला की त्याला तीन प्रश्न विचारायचा. तुमच्याकडे पिकतं काय? ते घेतं कोण? आणि घेणाऱ्यानं उद्या घेणं सोडलं तर तुम्ही खाणार काय?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लोक हौसेनं द्यायचे. तिसऱ्याला त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या.

पण पंतोजी चिवट होते. मुंबईची वर्तमानपत्रं त्यांच्या हाती यायची ती कोणी तरी वाचून त्यात मिरच्या बांधलेली. ते मिरच्या परत करायचे, कागद ठेवून घ्यायचे. त्यातले कामाचे तुकडे कापून पगडीच्या आत दडवायचे. तिथंच कापसाचे नमुनेही असत. आमच्या वऱ्हाडी कापसाचा आखूड धागा, आणि कुणा मुनिमाकडून चार दिवस मागं लागून मिळवलेला परदेशी कापसाचा लांब धागा. दोन्ही चिमटीत धरून ते मला दाखवायचे. "पाहा. सासरी सून आजारी पडली म्हनून शेजारीन सैपाकाले आली. लोकं म्हनून राहिले, आता चूल शेजारनीचीच."

शाळेच्या अंगणात त्यांनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं पृथ्वीचा नकाशा काढला होता. दर चार दिवसांनी सारवण व्हायचं आणि पृथ्वी पुसली जायची. ते पुन्हा काढायचे. अमरावतीच्या जागी एक सरकी, विलायतेच्या जागी खडा, अमेरिकेच्या जागी दोन खडे, कारण तिथं घर फुटलं होतं. मिसर देशातही आता कापूस लावताहेत हे कळलं तेव्हा तिथंही त्यांनी एक सरकी ठेवली, आणि दिवसभर त्या सरकीकडे बघत बसले.

हे सगळं ते लिहून काढत होते. नाव ठेवलं होतं 'कापसाच्या भावाची कैफियत'. मोडीत, एकटाकी, खाडाखोड नाही. भाव कुठं ठरतो, कोण ठरवतं, विलायती कापडावर मुंबईच्या बंदरात जकात किती हलकी आहे, आपला कापूस जातो कच्चा आणि परत येतो तो कापड होऊन, हे सगळं त्यात होतं. त्यांचं स्वतःचं घर बाळापुरात कोष्ट्यांच्या आळीला लागून होतं. शेजारचा म्हातारा कोष्टी त्यांना म्हणाला होता, "पंतोजी, कापूस माह्या दारावरून बंड्या भरभरून जाते, अन मले मागावर लावाले सूत भेटत नाई." हे वाक्य त्यांनी कैफियतीत जसंच्या तसं घातलं होतं. मला वाचून दाखवताना ते तेवढं पुन्हा एकदा वाचायचे.

शेवटच्या पानावर मात्र एकच गोष्ट होती. लढाई मिटणार. मिटली की त्यांचा कापूस बाहेर पडेल आणि आपला भाव बसेल. तेव्हा कापसाची पऱ्हाटी लावायची तर लावा, पण निम्मं वावर ज्वारीत ठेवा आणि पेव फोडू नका.

पेव म्हणजे आमच्याकडे जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार. ज्वारी भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आमच्या गावचं मोठं पेव माझ्या आजोबांनी भरून बंद केलेलं. वाईट वर्षासाठी. एकदा तोंड उघडलं, वारा लागला, की ती ज्वारी आत राहत नाही. सगळी काढावी लागते. म्हणून पेव उघडायचं तर सारा गाव मिळून ठरवायचा.

चैत्रात पंतोजींनी कैफियतीची एक प्रत माझ्या हातात ठेवली. कोष्ट्याच्या घरच्या सुताची दुहेरी गाठ मारलेली. "अमरावतीत कोनी ऐकत नाई. अकोल्याले गेलो, तठी हासले. पन तुमचं एक गाव तरी तुमचं आयकन. तुमी पाटलाचे हा. अक्षय तृतीयेले जासान तवा चावडीवर वाचून दाखवा. सारी. शेवटचं पान दोनदा."

"दाखवतो," मी म्हणालो. तेव्हा मी मनापासून म्हणालो होतो, हे मला सांगितलं पाहिजे, कारण पुढं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

गावी गेलो तर आमचा वाडा ओळखू येईना. थोरल्या भावानं, दादानं, मुंबईहून मोठं लंबकाचं घड्याळ आणून ओसरीत टांगलं होतं. वेळ कोणालाच बघता येत नव्हती. ते वाजलं की वहिनी येऊन त्याला हळदीकुंकू वाहायची. चावडीवर सारा गाव जमला होता आणि दादानं मला मधोमध बसवलं.

"आमचा बापू अमरावतीले रायते," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला अभिमान मला अजून ऐकू येतो. "बाजार त्याच्या दाराशी हाय. बापू, तू सांग. या साली सारं वावर पऱ्हाटीखाली टाकाचं म्हनतो. टिकन का भाव?"

माझा हात उपरण्याखाली त्या पुडक्यावर होता. तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, "त्या सुतकवाल्या पंतोजीले इचार म्हना! तो आंघोळ करते का पाहून सांगन!"

सारी चावडी हसली. बातमी एवढ्या लांब पोचली होती. कोणी विचारलं, "तुमच्याच शाळेतला न तो येडा?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी पण हसलो.

त्यांच्यापेक्षा थोडा जास्तच हसलो. मग म्हणालो, "भाव टिकन. लढाई काही इतक्यात मिटत नाई." मला यातलं काहीही माहीत नव्हतं. पण चार शहाण्या माणसांत बसलेला शहाणा माणूस कसा बोलतो ते माहीत होतं, आणि मी तसा बोललो.

"मंग पेव फोडू," दादा म्हणाला. "जवारीलेही भाव हाय. अन औंदाचा कापूस त्यातच भरू. घरात ठेवला तर ठिनगीची भीती. जमिनीखाली कोन पाहते? अजून चढला की काढू."

एक म्हातारी तेवढी म्हणाली, "अरे, धान्याच्या जागी कापूस?" दुसऱ्या दिवशी पेव फोडलं. जुन्या ज्वारीचा उबट वास गावभर पसरला. पोरं त्या वासानं खोकत नाचत होती. मी अमरावतीला परतलो. पंतोजी दाराशीच उभे होते. "वाचली?" मी मान डोलावली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ धरून ठेवले.

हंगाम आला. कापूस वेचला, पेवात दाबून भरला, तोंड लिंपलं. भाव अजून चढण्याची वाट पाहत गाव बसला.

आणि मग लढाई मिटली.

त्या दिवशी मी बाजारातच होतो. मुंबईहून बातमी आली आणि ते एवढं मोठं मैदान एकाएकी गप्प झालं. बंड्या भरलेल्या उभ्या होत्या आणि व्यापारी एकेक करून दुकानाच्या फळ्या लावत होते. कोणी बोली करीना. लोक भरल्या बंडीच्या चाकाला टेकून खाली बसले होते.

अशात पंतोजी आले. कोरडं, धुतलेलं धोतर, डोक्यावर पगडी, हातात साखरेचा पुडा. ते एकेकाच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायला लागले. "लढाई मिटली. सुतक फिटलं. तोंड गोड करा."

एका म्हाताऱ्या कास्तकारानं न कळून ती साखर खाल्लीही. मग दुसऱ्याला कळलं. "काय म्हनून राहिला हा? आमचं मढं उठलं अन हा साखर वाटून राहिला!" बैल हाकायची एक काठी बसली, मग दुसरी. पंतोजी हात वर न करता उभे होते. पगडी उडाली, तिच्यातून वर्तमानपत्रांचे तुकडे आणि कापसाचे नमुने बाहेर पडले आणि लोकांच्या पायांखाली गेले. मी एका बंडीमागं उभा होतो. पाच-सहा पावलांवर. मी गेलो नाही. लोक पांगल्यावर गेलो, त्यांना उठवलं, त्यांच्या बिऱ्हाडी नेलं, कपाळाला हळद लावली.

"त्यायचा राग बरोबर हाय," ते म्हणाले. "मी खबर सांगितली, पन आता खाचं काय ते सांगितलं नाई. अर्धंच बोललो." मग थोड्या वेळानं, हसून, "तुमच्या गावची तेवढी काळजी नाई."

मी हळद लावत राहिलो.

त्या साली पाऊसही उशिरा आला. पण पाऊस हे निमित्त. आसपासच्या साऱ्या गावांनी पऱ्हाटीच लावली होती, त्यामुळे ज्वारी कुठंच नव्हती. जी होती ती रोजच्या माणसाच्या हाताबाहेरची. दादा पेवाला हात लावू देईना. म्हणे, भाव परत येईन. आषाढ गेला, श्रावण गेला. आमच्या घरात वहिनी सगळ्यांच्या मागून जेवायची. नेहमीच जेवायची, त्यात कोणाला काही नवल नव्हतं. त्या वर्षी मागं उरायचंच काही नाही, हेही कोणाच्या लक्षात आलं नाही. भादव्यात पटकीची साथ आली. ती वहिनीला एका दिवसात घेऊन गेली. मला निरोप मिळून मी पोचलो तेव्हा दहावाही होऊन गेला होता. ओसरीतलं घड्याळ बंद पडलं होतं. ते कोणाला सुरू करता येत नव्हतं.

तेव्हा दादानं पेव फोडलं. एकट्यानं, कुदळीनं, कोणाला न विचारता. आत ओल शिरली होती. कापूस पिवळा पडून ढेकळासारखा झाला होता. तो ओंजळीनं बाहेर काढायचा, बघायचा आणि परत आत टाकायचा. असं तो दोन दिवस करत होता.

तिसऱ्या दिवशी पंतोजी आले. बाळापूरपासून पायी. खांद्यावर पायलीभर ज्वारीचं गाठोडं होतं; कुठून मिळवली कोण जाणे, त्यांच्या स्वतःच्याच घरात नसणार. गाठोडं ओसरीत ठेवलं, दादाजवळ जाऊन बसले. निघताना मी त्यांच्याबरोबर नाल्यापर्यंत गेलो. वाट पेवावरून होती. ते थांबले. आत वाकून बघितलं. पिवळा कापूस बराच वेळ बघितला.

मला वाटलं, आता बोलतील. मी वाट पाहत होतो. एक शिवी दिली असती तरी मी त्यांच्या पाया पडलो असतो.

"पाटील," ते म्हणाले, "तुमी त्यायले वाचून दाखवलं होतं न?"

दादा लांब ओसरीत बसला होता. त्याला ऐकू जाणार नव्हतं.

"दाखवलं," मी म्हणालो.

"सारं?"

"सारं."

"शेवटचं पान?"

"दोनदा."

ते नाल्यात उतरले, दोन ओंजळी पाणी डोक्यावर घेतलं, ओल्या अंगानं वर आले. त्यांचा चेहरा असा मी आधी कधी पाहिला नव्हता. बाजारात मार खातानाही तो इतका पडलेला नव्हता.

"आयकूनही फोडलं," ते म्हणाले. "मंग माह्या लिहिन्यातच खोट हाय."

परत आलो तेव्हा दादानं विचारलं, "काय इचारून राहिला होता तो?"

"काही नाई," मी म्हणालो.

त्यानंतर पंतोजी आणखी काही वर्षं जगले. भाव चढो की उतरो, ते विहिरीवर गेले नाहीत. अंगणात पुन्हा नकाशा काढला नाही. अकोल्यापर्यंत आगगाडी आली, तिच्यात कापसाच्या गाठी चढताना पाहायला सारा मुलूख लोटला, ते गेले नाहीत. ते फक्त कैफियत पुन्हा लिहीत होते. आधी तिचा युक्तिवाद कुठं तुटतो ते शोधलं. मग मला विचारायला लागले. "तुमी तठी होते. कोनत्या जागी त्यायचं मन उडालं असन? आठवून सांगा."

मी आठवून सांगायचो. देवा, मी आठवून सांगायचो! म्हणालो, भाषा जरा जड होती. त्यांनी सारी कैफियत सोपी करून लिहिली. मग म्हणालो, जकातीचा भाग लोकांना कंटाळवाणा वाटला. त्यांनी जकात काढली. मग म्हणालो, कोष्ट्याचं कास्तकाराला काय? त्यांनी ते कोष्ट्याचं वाक्यही काढलं. ते काढताना रडले. दर खेपेला माझ्याकडे नवी प्रत यायची, दुहेरी गाठ मारलेली, आणि दर खेपेला ती आधीपेक्षा पातळ असायची. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य घेऊन मी कित्येकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दारातून जकातीबद्दल बोलून परत आलो.

ते गेले तेव्हा बाळापूरच्या त्या शेजारच्या कोष्ट्यानं त्यांचे कागद माझ्याकडे आणून दिले. वरची प्रत एका पानाची होती. मोडी नाही, बाळबोध. पोरांना अक्षर गिरवायला द्यावं तशी मोठी, सुटी अक्षरं.

'कापूस लावा. आधी घरापुरती ज्वारी लावा. पेव फोडू नका.'

आणि खाली, बारीक: 'एवढं तरी त्यांना समजेल का, ते पाटलांना विचारणे.'

पहिली प्रत माझ्या पेटीत आहे. तिची गाठ मी अजून सोडलेली नाही.